न्यूयॉर्कचे घड्याळ, जळगावची झोप

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत घरून नोकरी करणारा वर्ग मार्च २०२० च्या टाळेबंदीने जेमतेम महिनाभरात उभा केला. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीतल्या भाड्याच्या खोल्या सोडून तरुण मुलेमुली लॅपटॉपसह भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूरला आली आणि माडीवरच्या खोलीत, प्रसंगी गच्चीवरच्या पत्र्याखाली बसून काम करू लागली. पुढे कंपन्यांनी माणसे परत बोलावली. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यायला सांगितले, विप्रोने नोव्हेंबरपासून किमान तीन दिवस. बहुतेकांनी पुन्हा पुणे गाठले. मागे राहिले ते मुख्यतः परदेशी कंपन्यांची कंत्राटी कामे करणारे: प्रोग्रॅमर, हिशेबनीस, वैद्यकीय बिले तपासणारे, डिझायनर, ऑनलाइन शिकवणारे. त्यांच्यातलेच काही आता वर्षातले दोन-चार महिने थायलंड, दुबई किंवा पोर्तुगालला राहून तेच काम करतात. हा वर्ग संख्येने लहान आहे. त्याची मानसिक ओढाताण मात्र नेहमीच्या नोकरदाराच्या ताणाहून वेगळी आहे, आणि तिच्यावर नेहमीचे उपाय चालत नाहीत.

विप्रोचे नाव खानदेशात सहज घेतले जाते, कारण ती कंपनी मूळची अमळनेरची. २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने ती नोंदली गेली आणि वनस्पती तूप बनवू लागली. संगणकाचा धंदा तिने १९८० च्या सुमारास सुरू केला, पण तो वाढला बेंगळुरूत. तूप अमळनेरात आणि सॉफ्टवेअर बेंगळुरूत, ही वाटणी पुढे साऱ्या खानदेशाच्या वाट्याला आली. बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चे, जळगावचे विद्यापीठ १९९० चे, शिरपूरचे आर. सी. पटेल तंत्रज्ञान महाविद्यालय २००१ चे. इंजिनिअर इथे घडले, पगार बाहेर मिळाला. चाळीस वर्षे एकच हिशेब घराघरांत पक्का होत गेला: नोकरी लागली म्हणजे मुलगा गाव सोडतो, आणि भरदुपारी घरात दिसणारा तरुण बेकार असतो. आज महिन्याला लाखभर रुपये मिळवणारा मुलगा दुपारी बारा वाजता डोळे चोळत जिना उतरतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या नजरेत तोच जुना हिशेब असतो. लग्नाच्या बैठकीत तर तो उघड बोलला जातो. पगाराचा आकडा ऐकूनही मुलीकडचे विचारतात, पण कंपनी कुठे आहे?

मनःस्वास्थ्याची चर्चा निघाली की बोट लगेच त्या एका माणसाकडे वळते: ध्यान कर, मोबाइल बाजूला ठेव, सकारात्मक राहा. हे सल्ले निरुपद्रवी आहेत आणि बरेचसे निरुपयोगीही. दूरस्थ कामाचा ताण तपासला तर तो कामाच्या ओझ्यापेक्षा दोन अभावांतून जास्त येतो. एक, दिवसाला स्वतःचे घड्याळ राहत नाही. दोन, काम होताना पाहणारे कोणी नसते. परदेशप्रवासात हे दोन्ही अभाव आणखी रुंदावतात. उपाय शोधायचा तो त्या माणसाच्या संयमात शोधून भागत नाही. वेळेची मांडणी आणि आसपासची माणसे यांतच तो सापडतो.

आधी घड्याळ. न्यूयॉर्कचे कार्यालय सकाळी ९ वाजता उघडते तेव्हा जळगावात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या नऊला इथे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ तासाने पुढेमागे करते, म्हणजे वर्षातून दोनदा इथल्या घरातले जेवण, झोप आणि दूधवाल्याची वेळ यांची घडी मोडते. युरोपचे काम त्यामानाने सोसवते: बर्लिनचे नऊ म्हणजे इथले दुपारचे साडेबारा किंवा दीड. रात्रीची झोप शाबूत राहते, पण संध्याकाळ जाते, आणि गावातल्या गाठीभेटी संध्याकाळीच होतात. सगळ्यांत कमी विचार होतो तो पूर्वेकडच्या कामाचा. टोकियोचे नऊ म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच, सिडनीचे नऊ म्हणजे साडेतीन किंवा साडेचार. पहाटे उठण्याची सवय असलेल्या शेतकरी घरात हे वेळापत्रक बसते, उन्हाचा कडाका चढेपर्यंत निम्म्याहून जास्त काम उरकते आणि संध्याकाळ मोकळी राहते. डॉलरच्या दरापुढे असा विचार कोणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

माणसाच्या शरीरातले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते आणि रोज सकाळच्या उजेडाने जुळवले जाते. या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. कायमची रात्रपाळी हे घड्याळ बिघडवते. झोप उथळ होते, चिडचिड वाढते, भुकेच्या वेळा सरकतात आणि मुळात नैराश्याकडे कल असलेला माणूस त्या बाजूला लवकर झुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीला संभाव्य कर्करोगकारक ठरवले, तेही याच बिघाडामुळे.

खानदेशात या प्रश्नाला भूगोलाची जोड आहे. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे नवे नाही. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. रात्रभर काम करून सकाळी सातला आडव्या झालेल्या माणसाला ते उतरवायचे असते नेमक्या तापत्या वेळात, पत्र्याखाली किंवा सिमेंटच्या स्लॅबखाली. हवा कोरडी असल्याने कूलर चांगले काम करतो, पण वीज गेली की दहा मिनिटांत माणूस घामाने जागा होतो. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर घेतला जातो, झोपेसाठी घेतला जात नाही. त्यात भारतीय प्रमाणवेळ ठरते साडेब्याऐंशी रेखांशावर, आणि धुळे आहे पावणेपंच्याहत्तरच्या आसपास. त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे अर्धा तास मागे असतो. हिवाळ्यात सात वाजले तरी उजेड नीट नसतो आणि उन्हाळ्यात सातनंतरही तो रेंगाळतो. आधीच उशिरा झोपणाऱ्याचे घड्याळ त्यामुळे आणखी उशिराकडे सरकते.

रात्रीची नोकरी खानदेशाला नवी मात्र नाही. भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे, आणि तिथल्या ड्रायव्हर-गार्डांच्या घरांनी पिढ्यानपिढ्या अवेळी ड्युटी पाहिली आहे. पूर्वी कॉलबॉय दारात येऊन हाक मारी, बाहेरगावी रनिंग रूममध्ये विश्रांती ठरलेली असे आणि परतल्यावर किती तासांची सुटी द्यायची याचे नियम होते. घरातही शिस्त होती. वडील रात्रीच्या गाडीवरून आले की मुलांचा आवाज बंद, खिडकीला जाड पडदा आणि पाहुण्यांना दुपारी चारनंतर यायचा निरोप. ही शिस्त कोणा मानसोपचारतज्ज्ञाने शिकवली नव्हती. गणवेश, डबा, हातातली पेटी आणि बाहेर पडणारा माणूस डोळ्यांना दिसत होता, म्हणून घराने ड्युटी मानली. दूरस्थ कामगाराकडे यातले काहीच नाही. तो बाहेर पडत नाही, म्हणून परतही येत नाही. सकाळी अकराला त्याला उठवून गॅस सिलिंडर आणायला पाठवले जाते, बँकेत पाठवले जाते, आत्याला स्टेशनवरून आणायला पाठवले जाते. कोणी आक्षेप घेतला तर धुळ्याकडच्या अहिराणी घरातले उत्तर ठरलेले: घरमाच शे ना! (घरातच तर आहे ना!)

यावरचा उपायही भुसावळच्या घरांतूनच घेता येतो. ड्युटीचा तक्ता स्वयंपाकघरात सर्वांना दिसेल असा लावणे, कामाची खोली झोपेच्या खोलीपासून वेगळी ठेवणे, ते शक्य नसेल तर निदान टेबलाची दिशा बदलणे, शिफ्ट सुरू होण्याआधी आणि संपल्यावर कपडे बदलून घराबाहेर एक फेरी मारणे. जळगावात मेहरूण तलावाभोवती आणि धुळ्यात पांझरेकाठी पहाटे चालणारे पुष्कळ असतात. युरोप किंवा पूर्वेची शिफ्ट असलेल्यांनी त्यांच्यात मिसळावे. सकाळचा उजेड आणि चार ओळखीचे चेहरे दोन्ही एका फेरीत मिळतात. अमेरिकी शिफ्टवाल्याने उलट करावे. काम संपताच उजेड टाळून झोपावे आणि दुपारी उठल्यावर उन्हात जावे. सुटीच्या दिवशी पूर्ण उलटे वेळापत्रक पाळण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि सोमवार त्याची किंमत वसूल करतो. झोपेच्या निदान चार तासांचा पट्टा सातही दिवस तोच ठेवला तर शरीराला धरायला काहीतरी राहते.

दुसरा अभाव साक्षीदारांचा. चीनमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीत अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो, पण त्याचा निम्माच भाग. तयार असलेल्या सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने घरून काम दिले, तेव्हा त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. एवढे सांगून लोक थांबतात. प्रयोग संपल्यावर निवड खुली ठेवली, तेव्हा घरून काम केलेल्यांतले जवळपास निम्मे स्वतःहून कार्यालयात परतले आणि एकटेपणा हे त्याचे मोठे कारण होते. शिवाय तेवढेच चांगले काम करूनही त्यांना बढती कमी मिळाली होती. न दिसणाऱ्याचे काम मोजले जाते, पण माणूस लक्षात राहत नाही. २०२४ मध्ये ब्लूम यांनी त्याच कंपनीत आठवड्यातले दोन दिवस घरून काम देण्याचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कामाची गुणवत्ता घटली नाही आणि राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले. मिश्र पद्धतीच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे, पण शिरपूरला बसून टेक्सासचे काम करणाऱ्याला मिश्र पद्धत उपलब्धच नसते.

एकत्र कुटुंबात कसला एकटेपणा, असा प्रश्न इथे हमखास येतो. घरात आठ माणसे असतात हे खरे. त्यांच्यापैकी एकालाही क्लायंटने काल रात्री काय झापले हे कळत नाही, आणि सांगायला गेले तर सोडून दे नोकरी, शेती बघ, असे उत्तर येते. कामाचे दुःख कामातल्याच माणसाला सांगता येते. कार्यालयात ते चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत सांगून होते. घरून काम करताना त्यासाठी मीटिंग लावावी लागते. सुनेच्या वाट्याला वेगळाच पेच येतो. ती घरात आहे म्हणजे ती स्वयंपाकघराची, मुलांची आणि पाहुण्यांची आहे, मग कानात हेडफोन असो वा नसो. दोन शिफ्टच्या मध्ये तिला तिसरी करावी लागते, आणि तिच्या थकव्याला थकवा म्हणायलाही घर तयार नसते. घरून काम बायकांसाठी सोयीचे, हे विधान कंपन्या आणि सासरची मंडळी सारख्याच उत्साहाने करतात. त्यातली सोय नेमकी कोणाची, ते तपासून घ्यावे.

गावात साक्षीदार मिळवता येतात, फक्त त्यासाठी थोडी खटपट करावी लागते. स्पर्धापरीक्षेच्या मुलांसाठी जळगाव-धुळ्यात गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत; महिन्याचे थोडे पैसे भरून बाक, पंखा आणि वायफाय मिळते. तिथे कॉल घेता येत नाही, पण दिवसातले तीन-चार तास शेजारी कोणीतरी मान खाली घालून काम करत असते, आणि तेवढे बऱ्याच जणांना पुरते. तालुक्याच्या गावात दूरस्थ काम करणारे पाच-सहा जण एकमेकांना शोधून एखादी जागा भाड्याने घेतात, हे त्याहून चांगले. हिवाळ्यात शेतात होणारी भरीत पार्टी, श्रावणातले कानबाईचे रोट, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणी या गोष्टी कॅलेंडरवर सुटी म्हणून आधीच मागून ठेवाव्यात. परदेशी क्लायंटला दिवाळी माहीत असते, कानबाई माहीत नसते. तीन आठवडे आधी सांगितले तर बहुधा तो नाही म्हणत नाही. आदल्या रात्री सांगितले तर म्हणतो.

परदेशी जाऊन काम करणाऱ्यांकडे वळताना आधी खानदेशाचे जुने स्थलांतर पाहिले पाहिजे. धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे कित्येक दशके सुरतेला जात आहेत. उधना, लिंबायत भागांत खानदेशी वस्ती मोठी आहे आणि जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार झाले. त्या स्थलांतरात कष्ट भरपूर होते, पण माणूस एकटा जात नव्हता. भाऊबंद आधी गेलेले असत, खोली त्यांच्याच चाळीत मिळे आणि कानबाई सुरतेतही बसे. आखाती देशांत किंवा अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्यालाही निदान कार्यालय, सहकारी आणि तिथले महाराष्ट्र मंडळ मिळते. लॅपटॉप घेऊन चांग माईला किंवा लिस्बनला गेलेल्याला यातले काहीच मिळत नाही. त्याचे सहकारी तिसऱ्याच देशात असतात, घरमालक मोबाइलवरच्या अॅपमध्ये असतो आणि शेजारी दर आठवड्याला बदलतात.

या प्रवासाला आता कायद्याची वाट आहे. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. मलेशिया आणि पोर्तुगालने २०२२ मध्ये तसे केले. थायलंडने २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा आणला, त्यावर एका वेळी १८० दिवस राहता येते. तरीही पुष्कळ जण पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप काम करतात. त्याची कायदेशीर बाजू देशागणिक बदलते, पण मनावरचा परिणाम सगळीकडे सारखा असतो. विमानतळावर काय सांगायचे याची उजळणी, दारावर थाप पडली की दचकणे आणि आजारी पडले तरी दवाखान्यात जायला कचरणे. शांत झोप हवी असेल तर योग्य व्हिसा हा पहिला औषधोपचार समजावा.

ठिकाण निवडताना फोटोपेक्षा घड्याळ पाहावे. न्यूयॉर्कचे काम जळगावातून मध्यरात्र उलटेपर्यंत करावे लागते. तेच लिस्बनमध्ये दुपारी दोनला सुरू होऊन रात्री दहाला संपते. तिथे झोप सुधारते. बँकॉकला जाऊन तेच काम केले तर ते रात्री आठ-नऊला सुरू होते, म्हणजे जळगावपेक्षाही वाईट. समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे पाठवणारा तरुण दिवसा झोपलेला असतो आणि समुद्र त्याला संध्याकाळी तासभर दिसतो. घरच्यांशी बोलायची वेळही आधीच ठरवलेली बरी. लिस्बनची सकाळ आठ म्हणजे जळगावची दुपार साडेबारा किंवा दीड, आई जेवायला बसायची वेळ. त्या वेळचा दहा मिनिटांचा रोजचा फोन रविवारच्या तासाभराच्या व्हिडिओ कॉलपेक्षा जास्त उपयोगी पडतो. रविवारच्या कॉलमध्ये दोन्हीकडून सगळे बरे आहे एवढेच सांगितले जाते, आणि दोन्हीकडचे काही ना काही लपवून ठेवतात. रोजच्या फोनमध्ये आवाज पडलेला लपत नाही.

नव्या देशात मन कसे रुळते यावर नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली एक निरीक्षण मांडले. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन विद्यार्थी-अभ्यासकांपैकी सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले तुलनेने चांगले रुळले होते. मधल्या काळात राहिलेले सर्वांत अस्वस्थ होते. आधी उत्साह, मग घसरण, मग हळूहळू चढ. हा आलेख प्रत्येकाला लागू पडत नाही असे पुढच्या अभ्यासांत दिसले, आणि काही जण तर पहिल्या आठवड्यातच खचतात. पण फिरत्या कामगारासाठी त्यात एक महत्त्वाची सूचना आहे. युरोपच्या शेंगेन देशांत भारतीयाला अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. म्हणजे उत्साह ओसरतो, भाजीवाल्याची ओळख होते, आणि नेमके तेव्हाच गाव सोडावे लागते. मग नवा देश, नवा उत्साह. चढाचा टप्पा कधीच येत नाही. वर्षात चार देश करणाऱ्यापेक्षा एकाच गावात बराच काळ राहणारा मनाने जास्त टिकतो, असे मानायला यामुळे आधार आहे. पहिल्या आठवड्यात पाहायची स्थळे कमी करून एक चहाचे दुकान, एक व्यायामाची जागा आणि एक किराणा दुकान पक्के केले तर महिन्याभरात चार माणसे नावाने ओळखू लागतात. जेवणाकडेही दुर्लक्ष करू नये. कळण्याचे पीठ आणि काळा मसाला बॅगेत जागा खातात, पण आजारी मनाला परके अन्न रोज गिळावे लागणे ही छोटी शिक्षा नसते. आयातीचे नियम पाहून ते जरूर न्यावे.

दिवस वाईट जाणे आणि आजारी असणे यांत फरक कसा करावा? जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात कामाच्या अतिताणाने येणाऱ्या गळाठ्याची (बर्नआउटची) नोंद केली आहे. ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. काम बदलले, सुटी घेतली की ती ओसरते. नैराश्याचे तसे नसते. जवळजवळ रोज आणि दिवसभर उदास वाटणे किंवा कशातच रस न उरणे दोन आठवडे टिकले, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, स्वतःविषयी हीन वाटू लागले, तर डॉक्टरकडे जायचीच वेळ असते. खानदेशात पुष्कळदा हे सारे अंगावर येते: डोके जड, छातीत धडधड, पित्त, अंगदुखी. करमत नाही, यापलीकडे माणूस मनाबद्दल बोलत नाही. ईसीजी झाला, एंडोस्कोपी झाली, सगळे नॉर्मल आले, तरी त्रास चालूच राहिला की पुढचा विचार मनाचा करावा. झोप यावी म्हणून दारू घेण्याची सवय परदेशातल्या खोलीत लवकर लागते, कारण पाहणारे कोणी नसते. दारूने झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते.

ज्यांना उन्माद-नैराश्याचा म्हणजे बायपोलर आजार आहे, त्यांच्यासाठी लांबचा विमानप्रवास स्वतःच धोक्याचा असतो. हीथ्रो विमानतळावरून रुग्णालयात आणलेल्या प्रवाशांच्या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिमेकडे आलेल्यांत नैराश्य आणि पूर्वेकडे आलेल्यांत उन्मादाची लक्षणे जास्त दिसली. भारतातून अमेरिकेला जाणे आणि परतणे म्हणजे दोन्ही दिशा. अशा व्यक्तीने तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलून झोपेचे आणि गोळ्यांचे वेळापत्रक ठरवावे. लिथियम घेणाऱ्याने उष्ण हवेत पाणी कमी पडू देऊ नये, कारण रक्तातले त्याचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. हा इशारा बँकॉकइतकाच भुसावळलाही लागू आहे.

औषधे बरोबर नेण्याचे नियम कडक आहेत. भारतात सहज लिहून दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. त्यांना आधी परवानगी लागते. जपानमध्ये महिन्याभरापेक्षा जास्त औषधे न्यायची तर प्रमाणपत्र लागते आणि अॅम्फेटामाइन असलेली औषधे चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि निदान इंग्रजीत लिहून घ्यावे, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात आणि हातातल्या बॅगेत न्याव्यात. संपल्या म्हणून गोळ्या अचानक थांबवणे वाईट. नैराश्याची बरीच औषधे एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थता, विचित्र स्वप्ने असा त्रास होतो आणि माणसाला वाटते आजारच उलटला.

उपचार कुठे मिळतात? महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खानदेशात त्यांतले एकही नाही, आणि दूरस्थ कामगाराला त्याची गरजही सहसा पडत नाही. त्याच्यासाठी जळगाव व धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतले मानसोपचार विभाग, १९९६ पासून देशात चाललेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि शहरातले खासगी मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे आहेत. आडवा येतो तो संकोच. गाव लहान, दवाखान्याबाहेर लावलेली मोटारसायकल ओळखली जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे आढळले होते. त्या सर्वेक्षणात खानदेशाचे शेजारी गुजरात आणि मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. संकोच टाळायला १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी सेवा उपयोगी आहे: १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. रात्री तीनला शिफ्ट संपवणाऱ्याला दिवसरात्र या शब्दाचे मोल कळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे असे म्हटले आहे. परदेशप्रवासाच्या विम्यात मात्र मानसिक आजार वगळलेला असू शकतो. ते कलम सही करण्यापूर्वी वाचावे.

परदेशात गेल्यावर भारतातल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलणे बरेच जण चालू ठेवतात, आणि मातृभाषेत बोलता येते हा त्याचा मोठा फायदा. पण भारतातल्या डॉक्टरांसाठीची २०२० ची दूरवैद्यक मार्गदर्शिका देशाच्या सीमेबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाही, आणि इथली चिठ्ठी तिथल्या दुकानात चालेलच असे नाही. म्हणून बोलण्यासाठी इथला समुपदेशक आणि औषधासाठी तिथला डॉक्टर, अशी दुहेरी व्यवस्था जाण्याआधीच लावावी. १४४१६ सारखे छोटे क्रमांक परदेशातून लागतील असे धरून चालू नये. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ हे संकटकाळचे क्रमांक आहेत. युरोपात तातडीसाठी ११२. जगणे नको असे विचार येऊ लागले तर सकाळची वाट पाहू नये. क्रमांक फिरवावा आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला, तो अनोळखी असला तरी, सांगावे. घरच्यांपैकी एकाकडे राहण्याचा पत्ता, घरमालकाचा फोन आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक असला पाहिजे. दोन दिवस फोन लागला नाही तर काय करायचे, हे आधी ठरलेले असावे.

कायद्याचे संरक्षण मात्र तोकडे आहे. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क मान्य केला, पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकांनाच अवेळी संपर्क करण्यास मनाई केली, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून हा हक्क दिला. भारतात सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. आणि झाला असता तरी परदेशी कंपनीच्या कंत्राटी कामगाराला तो कितपत पोचला असता हा प्रश्नच आहे. त्याच्या हाती उरतो तो करारनामा. कोणत्या वेळेत उत्तर देणे बंधनकारक, आठवड्याला जास्तीत जास्त किती तास, तातडीच्या कामाचा वेगळा दर, वर्षाला पगारी सुटी किती, हे करारात लिहून घेता येते आणि दर वाढवून मागण्यापेक्षा ते सोपे जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये केलेल्या मांडणीनुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. कामाचे तास लिहून ठेवले नाहीत तर घरून काम करणाऱ्याला आपण पंचावन्नच्या पुढे कधी गेलो ते कळतही नाही.

परतीचा काळ सहसा हिशेबात धरला जात नाही. युरोप-अमेरिकेहून येताना प्रवास पूर्वेकडे होतो आणि शरीराला पूर्वेकडची उडी जड जाते. ढोबळमानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. त्यात मुंबईला उतरून पुढे रात्रभराची रेल्वे आणि जळगावला पोचताच भेटायला आलेली मंडळी. पहिला आठवडा कामाला सुटी घ्यावी आणि निदान तीन दिवस पाहुणे टाळावेत. घरच्यांना राग येतो, तो आधी सांगितल्यास कमी येतो. मुलगा बदलला, गप्प झाला, असे घरात बोलले जाते. त्यालाही गाव लहान, आवाज मोठे आणि प्रश्न आगाऊ वाटू लागतात. महिन्या-दीड महिन्यात हे निवळते. निवळले नाही, झोप परत आली नाही, किंवा पुन्हा निघून जाण्याशिवाय दुसरे काहीच सुचेना, तर पुढच्या व्हिसाचा अर्ज भरण्याआधी एकदा मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे आणि जाताना गेल्या दोन महिन्यांच्या झोपेच्या वेळा कागदावर लिहून न्याव्यात. निदानासाठी डॉक्टरांना त्याची बरीच मदत होते.